परवानगी आधीच दिलेली आहे

सध्या भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगतेय. देवगाव रंगारीच्या बसथांब्यावर, केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहा येईपर्यंतच्या वेळात, आठवडी बाजारात अद्रकाचा भाव विचारता विचारता शेजारी उभ्या मैत्रिणीला. ऐकणारे आधी हसतात, मग थांबतात, मग म्हणतात, ‘खरंच असं आहे?’ आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला जोर येतो. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

गोष्ट आहे पोरांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाची. लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, भाषांतर कोणी केलं ते, पैसे कोणी दिले ते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘सीसी बाय ४.०’. आजवर हे पान मी कधी वाचलंच नव्हतं. शाळेत गोष्ट संपली की पुस्तक मिटायचं, हाच रिवाज. एकदा दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि त्याचा अर्थ लागला तेव्हा मी वर्गात एकटीच उभी राहून ‘अरे!’ म्हणाले. तिथं लिहिलं होतं की या पुस्तकाच्या प्रती काढा, वाटा, बदला, दुसऱ्या भाषेत न्या, त्याचं नाटक बसवा, अगदी छापून विका, आणि यातल्या कशासाठीही आम्हाला विचारायला येऊ नका. फक्त मूळ कोणाचं ते नाव ठेवा, परवान्याचा उल्लेख ठेवा आणि काय बदल केला ते सांगा.

विचारायला येऊ नका! सरकारी शाळेत काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते कसं सांगू? आमचं निम्मं आयुष्य परवानगीत जातं. पत्र द्या, पोच घ्या, स्मरणपत्र द्या. आणि इथे कुणीतरी जगातल्या प्रत्येक माणसाला, ज्याला तो कधी भेटणार नाही त्यालासुद्धा, आधीच परवानगी देऊन मोकळा झालेला!

ही पुस्तकं आमच्याकडे कशी आली तेही सांगितलं पाहिजे, कारण खरी गंमत तिथेच आहे. कोरोनात शाळा बंद होत्या. २०२० साली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी मिळून ‘गोष्टींचा शनिवार’ सुरू केला. शनिवार आला की इयत्तेप्रमाणे एक गोष्ट, सोबत करायला काही कृती, आणि ती लिंक आमच्या व्हॉट्सअॅप गटांतून पालकांच्या फोनवर. ज्या घरात फोन नव्हता तिथल्या पोरांना शेजारच्या ओट्यावर बसवून दाखवायची. मी तेव्हा लिंक पुढे पाठवत होते, पोरं वाचत होती, आणि ही गोष्ट माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आली हा प्रश्नच मनात आला नाही.

आता बघा कोण कोण एकत्र आलं होतं. एक राज्य शासनाची संस्था, पुण्यात. एक संयुक्त राष्ट्रांची संस्था. एक बंगळुरूची ना-नफा प्रकाशन संस्था, २००४ साली सुरू झालेली. तिघांचे कायदेवाले वेगळे, सही करणारे वेगळे, हिशेबाची पद्धत वेगळी. एरवी अशा तिघांनी एकेका पुस्तकाचे हक्क कोणाकडे, किती दिवस, किती प्रती, कोणत्या जिल्ह्यात, हे ठरवायला बसायचं म्हटलं असतं तर पोरं पहिलीतून चौथीत गेली असती. इथे तो भाग आधीच उरकलेला होता. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, स्टोरीवीव्हर नावाचं व्यासपीठ सुरू केलं तेव्हाच. सुरुवात साधारण ८०० गोष्टी आणि २४ भाषांनी झाली. आता तिथे तीनशेहून जास्त भाषा आहेत. गोष्टींवर खुला परवाना होताच, त्यामुळे एकत्र आलेल्या संस्थांना हक्कांवर वाटाघाटी करायची गरज उरली नाही. मुलांपर्यंत कसं पोचायचं, एवढंच बोलायचं होतं.

मला हे फार मोठं वाटतं. एरवी संस्था आधी ओळख करून घेतात, मग करार करतात, मग काम. इथे काम आधी सुरू होऊ शकतं आणि ओळख नंतर होते, किंवा होतही नाही. आफ्रिकेत ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ आणि ‘बुक डॅश’ असे उपक्रम आहेत. बुक डॅश केपटाउनचा. लेखक, चित्रकार, संपादक स्वेच्छेने जमतात आणि बारा तासांत मुलांची पुस्तकं तयार करून खुल्या परवान्याने सोडून देतात. तिथल्या गोष्टी स्टोरीवीव्हरवर आल्या आणि आपल्या भाषांत उतरल्या. अशाच एका गोष्टीच्या केपटाउनच्या चित्रकाराला आमचा कन्नड तालुका नकाशावर दाखवता येणार नाही. तरी तिच्या चित्रातली पोरगी आमच्या दुसरीच्या वर्गात रोज हाताळली जाते.

हे सगळं माझ्या मनाला इतकं का लागलं, त्यामागे एक जुनी सल आहे. आमच्या भागात प्रकल्प येतात आणि जातात. बरीच वर्षं झाली, एक संस्था आली होती, नाव नको. काम मनापासून केलं त्यांनी. परिसरातल्या शिक्षकांना घेऊन वाचनाच्या सुंदर पुस्तिका केल्या, मक्याची, कापसाची, विहिरीची, इथल्याच पोरांच्या जगण्यातली वाक्यं. देणगीदाराची मुदत संपली, संस्था दुसऱ्या जिल्ह्यात गेली. पुस्तिका फाटल्या. पुन्हा छापायच्या म्हटलं तर हक्क कोणाचे? संस्था म्हणाली देणगीदाराला विचारा. देणगीदाराकडचा माणूस बदललेला. चित्रं काढणारा कुठे गेला ठाऊक नाही. मजकूर आमच्याच शिक्षकांनी लिहिलेला, पण करारात त्यांचं नावच नाही. कुणाची ‘नको’ म्हणायची इच्छा नव्हती, आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे हेच कुणाला सांगता येईना. पुस्तिका संपल्या त्या संपल्याच.

त्यामुळे हे शेवटचं पान कळल्यावर मी कायदाही वाचायला घेतला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. काही लिहिलं, काढलं की हक्क आपोआप निर्माण होतो, कुठे नोंद करावी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे तिसरीच्या पोरासाठी आज लिहिलेला चार ओळींचा उतारा, त्या पोराच्या नातवापर्यंत कुलपात! कोणी मुद्दाम कुलूप लावलेलं नसतं, ते कायद्याने आपसूक लागलेलं असतं. उघडायचं असेल तर मालकाने स्वतः तसं सांगावं लागतं. दोन संस्थांनी करार करून हक्क एकमेकींना दिले, पण किती काळासाठी ते लिहायचं राहिलं, तर कलम १९ प्रमाणे ते पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं. ही पाच वर्षं वाचून मी कपाळाला हात लावला. शाळेत पाच वर्षं म्हणजे पहिलीतलं एक पोर पाचवी पास होणं. चांगल्या हेतूने केलेला किती संस्थांचा किती मजकूर असा गुपचूप मुदतबाह्य होऊन कपाटात पडला असेल!

खुला परवाना हे सगळं एका ओळीत सोडवतो. त्यामागे क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजेच ‘सीसी’, नावाची संस्था आहे. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ती सुरू केली, पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले, आणि आमच्या पुस्तकावर आहे ती चौथी आवृत्ती २०१३ ची. कॉपीराइट यात सोडून दिलेला नसतो, हे मला सगळ्यात आवडलं. लेखक लेखकच राहतो, मालक मालकच राहतो. त्याच हक्काच्या जोरावर तो सगळ्यांना एकाच वेळी परवानगी देतो, आणि दिलेली परवानगी परत घेता येत नाही. संस्था बंद पडली, संचालक बदलले, देणगी आटली, तरी ज्याच्या हातात प्रत आहे त्याचा हक्क तसाच. आमच्या त्या पुस्तिकांवर ही एक ओळ असती तर!

आणि हे परवाने माणुसकीने लिहिलेत. समजा आमच्या शाळेने गोष्ट छापली आणि चित्रकाराचं नाव राहून गेलं. अट मोडली, म्हणजे परवाना गेला. पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की चौथ्या आवृत्तीत तो आपोआप परत मिळतो. आमच्यासारख्या घाबरट व्यवस्थेत अशा दिलाशाची किती गरज आहे!

आता माझ्या तांड्यावरच्या शाळेबद्दल. कन्नड तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. पहिलीत येणारं पोर घरी गोरमाटी बोलतं, आणि पुस्तक उघडलं की प्रमाण मराठी. पोर हुशार असतं, पण शब्द ओळखीचे नसतात, आणि मास्तर म्हणतात वाचता येत नाही. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. जाताना दप्तरात काय द्यायचं हा आमचा दरवर्षीचा प्रश्न.

परवान्याचा अर्थ कळल्यावर मी पहिलं काय केलं असेल? एक छोटी गोष्ट निवडली, पहिल्या पातळीची, पानावर एकच वाक्य. चौथीतल्या मुलींना म्हटलं, ‘ही तुमच्या घरच्या बोलीत सांगा बरं.’ एकीने विचारलं, ‘मॅडम, पुस्तक असं बदलता येतं?’ मी म्हटलं, ‘हो, त्यांनीच सांगितलंय.’ त्यानंतर जे भांडण जुंपलं! हा शब्द नाही तो, आमच्या तांड्यावर असं म्हणतात, तुमच्या तांड्यावर तसं. दोघी घरी जाऊन आजीला विचारून आल्या. देवनागरीत लिहून काढलं, चित्राखाली चिकटवलं, आणि शेवटच्या पानावर मूळ लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, ‘गोरमाटी रूपांतर’ म्हणून मुलींची पहिली नावं, परवाना तोच. पहिलीतल्या पोरांनी ते पुस्तक न अडखळता वाचलं. मी इतकी वर्षं शिकवतेय, वाचताना त्यांच्या तोंडावर असा आत्मविश्वास मी पाहिला नव्हता. यासाठी कुठलंही पत्र गेलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. बंगळुरूच्या संस्थेला हे ठाऊकही नाही, आणि तरीही तिच्या कामात आमचा तांडा सामील झाला.

मग मी इतर परवान्यांकडे वळले. सगळे खुले परवाने सारखे नसतात, आणि दोन संस्था एकत्र येताना नेमकं इथेच अडतं. काहींवर ‘एनसी’ असतं, म्हणजे व्यापारी वापर नको. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! आपली मेहनत कुणी बाजारात विकू नये, हे कुणालाही पटेल. पण माझ्या गावात ती अट कशी लागू होते? शाळेत छपाई यंत्र नाही. मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते, तो पानाला पैसे घेतो. झाला का व्यापार? बचत गटाच्या बायकांनी दहा रुपयांना पुस्तिका विकून कागदाचा खर्च काढला, तर?

यावर अमेरिकेत खरंच खटला झाला. ग्रेट माइंड्स नावाच्या शैक्षणिक संस्थेने गणिताचं साहित्य बिगर-व्यापारी परवान्याने दिलं होतं. शाळांनी त्याच्या प्रती फेडेक्सच्या छपाई दुकानांतून काढून घेतल्या, आणि संस्थेने दुकानावरच दावा लावला. मार्च २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला: शाळेच्या सांगण्यावरून, शाळेसाठी दुकानदाराने प्रत काढली, तर ती शाळेचीच कृती. मला फार आनंद झाला, आमच्या झेरॉक्सवाल्यासाठी! पण तो निकाल तिकडचा. आणि बचत गटाचा प्रश्न तरी उरतोच. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: ज्या कामाचा पैसा देणगीतून किंवा लोकांच्या करातून आला, त्यावर ‘एनसी’ घालू नये. कन्नडच्या एखाद्या छापखान्याने ती गोष्ट छापून जत्रेत विकली आणि चार रुपये मिळवले, तर ती गोष्ट अशा घरात पोचते जिथे कुठलीच योजना पोचत नाही. त्याने कुणाचं काय बिघडलं?

दुसरी अट ‘एसए’. तुम्ही आमच्या कामात बदल करून वाटलं, तर तुमचंही त्याच परवान्याने खुलं ठेवा. ही मला आपल्या सावडीसारखी वाटते: तुम्ही आमच्या रानात आलात, आम्ही तुमच्या रानात येऊ. विकिपीडिया असाच चालतो. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश याच परवान्याने खुला केला. विद्यापीठाने वर्षानुवर्षं खपून केलेलं काम! गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी पानं टंकित केली, विकीवर मजकूर आला, आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. एका विद्यापीठाचा एक निर्णय, आणि कोश ग्रंथालयाच्या कपाटातून जगभरच्या कोंकणी माणसाच्या हातात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिलेला आपला मराठी विश्वकोश मला फार प्रिय आहे, आणि तो संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो याचा अभिमान आहे. पण वाचायला मिळणं आणि त्यातली नोंद घेऊन, सोपी करून, चौथीच्या पोरांसाठी पुस्तिका करून वाटायला मिळणं, यात किती अंतर आहे ते मला आता कळलंय.

एसएची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. एका संस्थेचं साहित्य ‘बाय-एसए’ आणि दुसरीचं ‘बाय-एनसी-एसए’ असेल, तर दोन्ही मिसळून एक पुस्तक करताच येत नाही. दोघींनाही आपलीच अट पुढे न्यायची असते. दोन्ही संस्था भल्या, दोन्ही खुल्या, आणि तरीही शिक्षिकेच्या हातात दोन वेगळी पुस्तकं. नुसतं ‘बाय’, म्हणजे फक्त नाव ठेवायची अट, असेल तर ते कुठेही मिसळतं. म्हणून एकत्र काम करायच्या पहिल्याच बैठकीत, बोधचिन्ह कुठे छापायचं याच्याही आधी, परवान्याबद्दल बोलायला हवं. बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेणार असाल तर त्याच्याकडून लेखी घ्यायला हवं, कारण जो हक्क संस्थेकडे आलेलाच नाही तो संस्था खुला तरी कसा करणार?

काही गोष्टी परवान्यात येत नाहीत हेही मी शोधून काढलं, आणि बरं वाटलं. संस्थेचं बोधचिन्ह त्यात येत नाही. ‘अमुक संस्थेने आम्हाला मान्यता दिली’ असं भासवता येत नाही. आणि पोरांचे फोटो! फोटो काढणाऱ्याने आपला हक्क खुला केला म्हणून फोटोतल्या मुलीची संमती मिळाली असं होत नाही. तिचं खाजगीपण तिचंच. ही समज मला आमच्या सगळ्या उपक्रमांच्या फोटोंत हवी आहे.

आता माझ्या डोक्यात पुढचं चाललंय. मुली आजीला एका शब्दासाठी विचारायला गेल्या, तेव्हा आजीने शब्द दिला आणि वर स्वतःहून एक गोष्ट सांगितली, तांड्याची, बैलांची, लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या, वाटेवरची. कुठल्याच पुस्तकात नसलेली. ती लिहून, पोरांकडून चित्रं काढून, खुल्या परवान्याने सोडावी असं मनात आलं, आणि तिथेच मी थांबले. ती गोष्ट माझी नाही. आजीचीही एकटीची नाही, तांड्याची आहे. दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून आधी नीट सांगायला हवं: ही गोष्ट केपटाउनला जाईल, कुणी ती बदलेल, कुणी विकेलही, आणि तुमचं नाव तिच्यासोबत जाईल. चालेल का? येत्या अमावस्येला ऊसतोडीहून काही घरं परत आलेली असतील. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर सगळे बसणार आहेत, आणि मी जाणार आहे, मुलींनी केलेलं पुस्तक आणि त्याचं शेवटचं पान घेऊन. ते नको म्हणाले तर गोष्ट तांड्यावरच राहील. हो म्हणाले तर केंद्रातल्या इतर शाळांनाही सांगायचंय की तुमच्या वाड्या-वस्त्यांवर जा, भिल्ल वस्तीवर जा, अहिराणी बोलणाऱ्या गावांत जा, विचारा, लिहा, आणि शेवटच्या पानावर सांगणाऱ्याचं नाव सगळ्यात वर घाला.